तापीचे बुडालेले मुख





विषय समुद्रतळाचा आणि भूगोल शिक्षकांचे अधिवेशन नंदुरबारला, याचे नवल वाटायला नको. इथल्या प्रकाशा गावाच्या घाटाखालून जाणारी तापी आणि अक्राणीच्या डोंगरांना लागून वाहणारी नर्मदा, दोन्ही खंबातच्या आखाताला मिळतात. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी मात्र त्या तिथे थांबत नव्हत्या. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. दमणसमोरची तीनशे किलोमीटरहून अधिक रुंद समुद्रबूड जमीन बहुतांशी उघडी पडली होती आणि आजचे आखात म्हणजे कोरडे मैदान होते. तापीचे मुख सुरतेच्या पश्चिमेला कितीतरी लांब होते. पुढे बर्फ वितळला, समुद्र चढत गेला आणि साधारण ७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास आला. वाटेत जिथे तो रेंगाळला, तिथे किनाऱ्याच्या खुणा राहिल्या.

त्या शोधायच्या कशा? आवाजाने. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे ७५ मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाव्या भागात परत येतो. मल्टीबीम यंत्र असे शेकडो झोत पंख्यासारखे सोडून खोलीचा नकाशा काढते. साइड स्कॅन सोनार जहाजामागे ओढतात. तो तिरका आवाज टाकतो, आणि मावळतीच्या उन्हात नांगरलेल्या शेतातली सरी न् सरी उठून दिसावी, तसा तळावरचा लहानसा उंचवटाही सावलीसकट उमटतो. कमी वारंवारतेचा सब-बॉटम प्रोफाइलर गाळात शिरतो आणि गाडली गेलेली नदीपात्रे दाखवतो. माझ्या लेखी तिघांत हाच मोलाचा, कारण आपल्याकडचे जुने किनारे बरेचसे चिखलाखाली आहेत.

पण आकार दिसला म्हणजे किनारा सापडला असे नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबईसमोरच्या ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ या सपाट पट्ट्यावर काम केले. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. समुद्रबूड जमिनीच्या या बाहेरच्या भागात तळावर चुन्याचे बारीक गोल कण मिळतात. ते उथळ, खळबळत्या, उबदार पाण्यातच घडतात. इतक्या खोलीवर ते आज तयार होणार नाहीत, म्हणून ते जुन्या उथळ समुद्राची साक्ष देतात. अशा नमुन्यांची कार्बन-१४ पद्धतीने वये काढून हाशिमी, निगम, नायर आणि राजगोपालन यांनी १९९५ मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रपातळीचा सुधारित आलेख मांडला. आकार, नमुना आणि वय यांचा मेळ बसल्यावरच ते बोलले.

आता उलट उदाहरण. मे २००१ मध्ये खंबातच्या आखातात, सुमारे ३०-४० मीटर खोलीवर, बुडालेले नगर सापडल्याची घोषणा झाली. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या सोनार चित्रांत चौकोनी आकार दिसले होते. पुढे तळ खरवडून वर काढलेल्या एका लाकडाचे वय सुमारे ९,५०० वर्षे निघाले, आणि वर्तमानपत्रांना सिंधू संस्कृतीच्याही आधीचे शहर मिळाले! लाकडाच्या वयाबद्दल वाद घालायचे कारण नाही. मुद्दा असा, की ते उत्खननातून थरासह आलेले नव्हते. या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, प्रवाह तळ ढवळून काढतात. तिथे मिळालेले लाकूड तिथल्याच चौकोनाचे, हे कोण सांगणार? आणि ते चौकोन माणसाने बांधले की प्रवाहाने घडवले, हे सोनार सांगत नाही. तरीही चित्रे दूरचित्रवाणीवर आधी झळकली आणि चिकित्सा मागून आली. शाळेत मुले आजही मला त्या ‘शहरा’बद्दल विचारतात.

त्या आखातातला गाळ काही अंशी आपल्या शिवारातून गेलेला आहे. १९७२ मध्ये उकाई धरण झाल्यापासून त्यातला बराचसा जलाशयातच अडतो, हा वेगळा विषय. पण त्याआधीच्या हजारो वर्षांत तापीने जे नेले, ते खाली साचले आहे. म्हणजे समुद्रतळाच्या नकाशाचा अर्धा पुरावा नदीच्या काठावर आहे. शहादा-तळोदा पट्ट्यात तापीने स्वतःचाच जुना गाळ खोल कापला आहे. समुद्र खाली गेल्यामुळे नदी कापत मागे आली, की पावसाचे मान बदलले म्हणून, की सोन-नर्मदा-तापी भ्रंशपट्ट्यात जमीनच उचलली गेली? माझा कल पावसाकडे आहे. मुख इतके लांब गेल्यावर त्याचा परिणाम प्रकाशापर्यंत पोचला असेल, असे मला वाटत नाही. पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

प्रकाशाला तापी-गोमाई संगमावर बी. के. थापर यांनी १९५५ च्या सुमारास उत्खनन करून ताम्रपाषाण काळापासूनचे थर उलगडले. तिथे वस्ती झाली तेव्हा समुद्र जवळपास आजच्याच जागी होता. त्याआधीची नदी मात्र वस्तीच्या थरांखालच्या गाळात आहे, आणि ती वाचायला जहाज लागत नाही. टेप, नोंदवही, थरांचे नमुने आणि वय काढून देणारी एखादी प्रयोगशाळा पुरे. सारंगखेडा ते प्रकाशा या टप्प्यातले उघडे काठ आपल्या महाविद्यालयांनी वाटून घ्यावेत, थर मोजावेत आणि पुढच्या अधिवेशनात त्यांचे उभे छेद एकाच प्रमाणात भिंतीवर लावावेत, असा ठराव मी मांडतो. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा व्हावी.