चिखलाच्या दोन फेऱ्या

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आला आणि आमच्या बैठकीच्या खोलीतला पंखा तीन दिवस बंद राहिला. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद, कारण जमिनीवर नखाएवढ्या ३९ सोंगट्या मांडलेल्या होत्या. वारा लागला की रशियाची अख्खी सेना सोफ्याखाली.

खेळाचं नाव ‘बॅटल फॉर मॉस्को’. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या ऑक्टोबरात, जर्मन फौजा मॉस्कोवर चालून गेल्या, त्याचा हा पट. अमेरिकेतल्या फ्रँक चॅडविक यांनी तो १९८६ साली रचला, आणि मुद्दाम नवशिक्यांसाठी रचला. तेव्हाचे युद्धाचे खेळ म्हणजे शेकडो सोंगट्या आणि पोथीएवढे नियम. नवा माणूस खोका उघडायचा आणि पुन्हा बंद करायचा. चॅडविकनी सगळं ३९ सोंगट्या आणि सात फेऱ्यांत बसवलं. ज्या कंपनीसाठी त्यांनी हे केलं ती १९९६ साली बंद पडली. खेळ मात्र उरला; आज तो फुकट उतरवून घेऊन घरी छापता येतो.

छापणं सोपं. कोपऱ्यावरच्या दुकानात रंगीत प्रिंट मिळतात. खरी परीक्षा पुढे. कागदी सोंगटी बोटाला चिकटते, तिला पाठीला पुठ्ठा लागतो. आमच्याकडे पुठ्ठा म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. दोन-तीन लग्नांत दोन्ही सैन्यं उभी राहिली. पण सोंगटीला दोन बाजू असतात. पुढे पूर्ण ताकद, मागे मार खाल्ल्यानंतरची उरलेली. म्हणजे पुठ्ठ्याच्या दोन्ही अंगांना कागद चिकटवायचा, आणि पुढचा-मागचा चौकोन बरोबर पाठीला पाठ लावून यायला हवा. मी मागचा कागद उलटा लावला. कापून झाल्यावर लक्षात आलं, जर्मन दलाला नुकसान झालं की त्याची रशियन सेना होत होती! मग पुन्हा प्रिंट, पुन्हा डिंक, प्रत्येक पाठीवर नवा चौकोन. भाचा म्हणाला, “मावशी, तू इतिहास शिकवायचीस ना? मग हे कसं झालं?”

आता पटाकडे येऊ. नकाशावर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं आहेत. बुद्धिबळाचा चौकोन इथे चालत नाही, कारण चौकोनात तिरकं गेलं की अंतर वाढतं. षटकोनाच्या सहाही शेजाऱ्यांचं अंतर सारखं. प्रत्येक सोंगटीवर दोन आकडे. एक ताकदीचा, दुसरा किती घरं चालणार याचा. शत्रूच्या शेजारच्या घरात पाय ठेवला की थांबायचं. लढाई म्हणजे भागाकार. समजा चढाई करणाऱ्यांची बेरीज २२ आणि बचाव करणाऱ्याचे ८. आठ दुणे सोळा, वरचे सहा सोडून द्यायचे. दोनास एक असं प्रमाण धरायचं आणि फासा टाकून तक्त्यात निकाल बघायचा. सोडलेले सहा बचाव करणाऱ्याच्या पदरात. भाच्याला ही बाब फार लागली. “माझे सहा गेले कुठे?” दुसऱ्या दिवशी तो हल्ल्याआधी पाढे म्हणत होता. शाळेत त्यानं कधी आपणहून म्हटले असतील असं वाटत नाही.

पण मला या खेळात आवडलेली गोष्ट निराळीच आहे, आणि ती नियमांत इतकी साधी मांडलेली आहे की पहिल्या वाचनात हातून निसटते. ती म्हणजे पाळीचा क्रम. जर्मनांच्या पाळीत आधी रणगाडे चालतात, मग लढाई होते, आणि लढाईनंतर सगळं सैन्य चालतं. रशियनांच्या पाळीत आधी रेल्वेनं हलवाहलव, मग लढाई, मग चाल. बस्स. यात दोन सैन्यांचा सगळा स्वभाव आला. रणगाडा एका पाळीत दुरून येऊन ठोसा देतो आणि पडलेल्या खिंडारातून पुढेही जातो. पायदळाला मात्र आदल्या फेरीतच शत्रूला खेटून उभं राहावं लागतं, तेव्हा कुठे या फेरीत लढता येतं. रशियनांचं तर सगळंच तसं. आज शेजारी येऊन उभे राहा, उद्या लढा. तोवर समोरच्याला तुमचा बेत दिसलेला असतो. इतिहासाच्या पुस्तकात ‘वेगवान यांत्रिक युद्धतंत्र’ असे तीन जड शब्द येतात आणि मुलं ते पाठ करतात. इथे तीच गोष्ट नुसती कोण आधी हलणार यावर उभी आहे.

तिसरी आणि चौथी फेरी चिखलाची. या फेऱ्यांत सोंगटी एका चालीत एका घरापलीकडे सरकत नाही, मग रणगाडा असो की पायदळ. रेल्वे तेवढी चालू. या हंगामाला रशियन भाषेत ‘रासपुतित्सा’ म्हणतात, रस्ते नाहीसे होण्याचा काळ. प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच पहिला बर्फ पडला आणि वितळून कच्च्या रस्त्यांचा रबडा झाला. त्याच सुमारास व्याझ्मा आणि ब्र्यान्स्क इथे जर्मनांनी मोठे वेढे घातले. सहा लाखांहून अधिक कैदी धरल्याचा त्यांचा दावा होता. झुकोव्ह यांनी १० ऑक्टोबरला मॉस्कोसमोरच्या आघाडीची सूत्रं घेतली. नोव्हेंबरच्या मध्याला जमीन गोठली तेव्हा जर्मन पुन्हा निघाले, आणि ५ डिसेंबरला रशियनांनी उलटा हल्ला सुरू केला.

हे सगळं सोंगटीवर दिसत नाही, हेही सांगायला हवं. एक रशियन सोंगटी म्हणजे एक सेना, हजारो माणसं. फासा पडतो, सोंगटी उचलून डबीत टाकतो. भाच्यानं एकदा एका दमात तीन उचलल्या आणि “खल्लास” म्हणाला. मी त्या कैद्यांचं पुढे काय झालं ते सांगितलं. उपासमारीनं, थंडीनं, त्या हिवाळ्यात किती मेले ते. तो थोडा वेळ गप्प बसला, मग त्यानं फासा मागितला. मी दिला. तेरा वर्षांच्या मुलाकडून याहून जास्त काय हवं?

लढाई पटावर मांडून शिकायची ही रीत सैन्यातूनच आली. प्रशियात रायस्विट्झ नावाचे बाप-लेक होते. बापानं असा एक खेळ सुरू केला, मुलानं १८२४ साली फासे आणि नकाशे घेऊन त्याचे नियम बांधले. आपलं चतुरंग तर त्याहून कितीतरी जुनं. पण चतुरंगात पाऊस पडत नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही बाजू बदलली नाही. जर्मन त्याचे, रशियन माझे. पहिल्या दोन फेऱ्यांत त्यानं मला धुऊन काढलं. चिखल आला तेव्हा तो वैतागून उठला, माठातलं पाणी प्यायला, परत येऊन एकेक घर सरकला. त्याला कुमक थोडी, मला फेरीफेरीला भरपूर, त्यामुळे फळी पुन्हा भरत गेली. तरी सातव्या फेरीत मॉस्कोच्या घरात माझी एकच सेना उरली होती आणि शेजारी त्याचे रणगाडे. त्यानं बेरीज केली, भागाकार केला, वरचे सोडून दिले, फासा टाकला. तक्त्यात आलं, बचाव करणाऱ्याचं नुकसान. मी सोंगटी उलटली. दुरुस्त करताना नेमकी तीच राहून गेली होती. पाठीवर जर्मन.

“मावशी,” तो म्हणाला, “ही तर माझी झाली. मॉस्को माझं.”

आमचा तो वाद अजून मिटलेला नाही.