गुण मिळाले, दाखल्यांचे काय?



बारावीचा निकाल लागला की घरोघरी गुणांची चर्चा होते. शुल्काची चर्चा मात्र प्रवेशाच्या आदल्या रात्री! वास्तविक ती आठवीतच सुरू व्हावयास हवी. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा त्याच इयत्तेत होते आणि निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्य शासनाने २०२४-२५ पासून मुलींना मोठी सवलत दिली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. पहिल्या यादीत मुलीचे नाव दिसले नाही की धास्तावलेला पिता व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतो, त्यासाठी प्रसंगी जमीन गहाण टाकतो आणि या सवलतीस मुकतो. पुढील फेरीपर्यंत थांबण्याचा धीर त्याला गावातील शिक्षकाखेरीज कोण देणार?

खानावळ, पुस्तके, प्रवास हा खर्च उरतोच. तो आधीच कागदावर मांडावा, आणि मुलीच्या समक्ष मांडावा.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. जात वैधता प्रमाणपत्रास मात्र कित्येक महिने लागू शकतात. त्यासाठी अकरावीतच अर्ज केलेला बरा. पंचमंडळींनी पालकांना आणखी एक गोष्ट सांगावी: बँक खाते आधारशी जोडलेले नसेल, तर मंजूर झालेली रक्कमही अडकून पडते, शिवाय दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज नव्याने भरावा लागतो.