चहाचा डबा सादळू नये म्हणून

कळवणच्या आमच्या बचत गटातल्या बाया आज चहाबद्दल बोलणार आहोत. चहा करायचा कसा ते नाही, ते तुम्हाला कोण शिकवणार! पुडा फोडल्यावर उरलेला चहा टिकवायचा कसा, एवढंच.

हा विषय आमच्यात निघाला तो चैत्रामुळे. सप्तशृंगी गडावर चैत्राची यात्रा भरते, खानदेशातून माणसं पायी येतात. गडाच्या वाटेवरच्या गावांत आल्या-गेल्याला चहा द्यावाच लागतो. म्हणून घरोघर सुटा चहा किलो-दोन किलो भरून ठेवतात. यात्रा सरते आणि चहा उरतो. तो वैशाखाचं ऊन खातो आणि मग मृगाच्या पावसात सापडतो. आषाढात बाया म्हणायला लागतात, "या वेळचा चहा हलका निघाला, दुकानदारानं फसवलं." दुकानदार फसवतही असेल, पण दर वेळी नाही.

चहा कारखान्यातून निघतो तेव्हा आपल्या पापडापेक्षाही कोरडा असतो. शंभर ग्रॅम चहात पाणी जेमतेम तीन ग्रॅम. एवढी कोरडी वस्तू हवेतला ओलावा ओढून घेणारच. पापड सादळला की हाताला लगेच कळतं. चहा सादळला तर वरून काहीच दिसत नाही, रंग तोच, दाणा तोच. ओलाव्याचं प्रमाण सहा-सात ग्रॅमच्या पुढं गेलं की मात्र वास मरतो, कडकपणा जातो आणि पुढं बुरशीही धरते. आसाम, बंगाल, निलगिरीकडून चहा येतो तो आतून चंदेरी कागदाचं अस्तर लावलेल्या पोत्यांतून. पूर्वीच्या काळी लाकडी पेट्या असत, त्यांना आतून शिशाचा पत्रा लावत. हजार-दोन हजार किलोमीटर इतकं जपून आणलेला चहा आपण घरी कागदाच्या पुडीत, तोंड उघडं ठेवून फळीवर टाकतो.

आपण कांद्याच्या मुलखातल्या बाया. साठवण म्हटलं की डोळ्यांपुढं चाळ येते, खालून-वरून वारा खेळला पाहिजे, नाहीतर कांदा सडतो. चहाचं बरोबर उलटं आहे. कांदा जिवंत असतो, तो श्वास घेतो. चहा वाळवून-भाजून संपवलेला असतो, त्याला वारा लागला की तो उतरतो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही ठरवून एक गंमत केली. एकाच पुड्यातला चहा चार ठिकाणी ठेवला. एक वाटा चुलीवरच्या फळीवर, एक काचेच्या बरणीत खिडकीशी, एक मसाल्याच्या डब्याशेजारी कागदी पुडीत आणि एक घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, फडताळात. तीन आठवड्यांनी बैठकीला चारही आणले. दूध-साखर न घालता, सारखं पाणी, सारखी पत्ती, सारखा वेळ. दुधात सगळं झाकलं जातं, म्हणून कोराच प्यायचा. चुलीवरचा नुसता तांबडं पाणी लागला. खिडकीतला फिक्का, थोडा गवतासारखा. मसाल्याजवळच्याला जिऱ्या-लसणाचा वास, एकीनं तर तोंडच फिरवलं. फडताळातला मात्र नव्यासारखा. चारही वाटे एकाच दिवशी, एकाच भावानं घेतलेले होते!

आता सगळ्यात मोठं नुकसान कुठं होतं ते सांगतो. ते डब्यात नाही, हातात होतं. पाणी उकळतंय, वाफा निघताहेत, आणि आपण डबा पातेल्यावरच तिरपा करून चहा घालतो. दिवसातून चार वेळा वाफ डब्यात शिरते. चमचा डब्यापासून चुलीपर्यंत न्यावा, डबा चुलीपर्यंत नेऊ नये. आणि तो चमचा कोरडाच हवा. साखरेतून काढलेला ओला चमचा चहात जातो, हे प्रत्येक घरात चालतं, म्हणून चहाचा चमचा वेगळा, डब्यातच राहू द्यावा.

डबे दोन करा. मोठ्यात साठा, छोट्यात आठवड्याचा चहा. मोठा आठ दिवसांतून एकदाच उघडायचा, तोही पाऊस नसेल अशा दुपारी. डबा शक्यतो काठोकाठ भरलेला असावा, रिकाम्या जागेत हवा असते. चंदेरी अस्तराचा पुडा असेल तर चहा ओतू नका, पुड्याचं तोंड दुमडून रबर लावा आणि पुडाच डब्यात ठेवा. काचेची बरणीच असेल तर ती कपाटात, उजेडापासून लांब. लोणच्याचा, तुपाचा, मसाल्याचा प्लास्टिकचा डबा नको, कितीही घासला तरी वास राहतो. शेतीच्या औषधाच्या डब्याचं तर नावच नको, त्यात खाण्याची कुठलीच वस्तू ठेवू नये. जुना डबा घेताना धुवून कडक उन्हात वाळवा, रात्रभर झाकण लावून ठेवा आणि सकाळी उघडून हुंगा. नाकाला काही आलं तर चहालाही येणार.

चहा वास किती पटकन ओढतो याची चीनमध्ये लोकांनी कलाच केली. तिथं चहाच्या पानांत मोगऱ्याची ताजी फुलं मिसळून ठेवतात, रात्रभरात चहा मोगऱ्याचा होतो. मग फुलं काढून चहा पुन्हा वाळवतात. आपल्याकडं वेलदोड्याची सालं डब्यात टाकतात, ते त्यातलंच. सालं खडखडीत वाळलेली असतील तर खुशाल टाका. आलं किंवा ओला गवती चहा मात्र डब्यात नको, तो पातेल्यातच. बाजारातून येतानाही एकाच पिशवीत साबण, अगरबत्ती आणि चहाची पुडी घालू नका. फ्रिजही नको. बाहेर काढला की गार डब्याला घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया.

याचा पैशाशी काय संबंध, असं आमच्यातल्याच एकीनं विचारलं. मग हिशेब मांडला. एका कपाला साधारण दोन ग्रॅम पत्ती. पाच माणसं, दोन वेळा, म्हणजे रोज वीस ग्रॅम. अर्धा किलो पंचवीस दिवस जातो. चहा उतरला की आपण नकळत मूठ वाढवतो. कपाला अडीच ग्रॅम झाले तर तोच अर्धा किलो वीस दिवसांत संपतो. पाच दिवसांचा चहा गेला, आणि चव तरी कुठं मिळाली?

थोडा सादळलेला चहा असेल, बुरशी नसेल, तर कोरडा तवा कोमट करा, गॅस बंद करा आणि त्यावर चहा पसरून हलवा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. ओल निघते, गेलेला सुवास परत येत नाही. गाठी झाल्या असतील, कुबट वास असेल किंवा पांढरं दिसत असेल तर उकळून पिऊ नका, उकिरड्यात टाका.

सुटा चहा घेताना दोन तपासण्या घरी होतात. पांढऱ्या टीपकागदावर चिमूटभर पत्ती टाकून पाणी शिंपडा. लगेच रंगाचे डाग उतरले तर तो रंगवलेला समजा. पत्तीवरून लोहचुंबक फिरवा, लोखंडाचा कीस असेल तर चिकटून येतो. दुकानात उघड्या पोत्यातला, मिरचीशेजारचा चहा घेऊ नका, नवं पोतं फोडायला सांगा. एकटीला दुकानदार नाही म्हणेल, गटानं एकदम घेतला तर फोडतो.

आम्ही आता गटात पाच किलो घेतो, दहा जणींत अर्धा-अर्धा किलो वाटतो, आणि डब्यावर उघडल्याची तारीख पेन्सिलीनं लिहितो. पावसाळ्यात मात्र अडीच किलोच आणायचा, असं ठरलंय. पुढची खरेदी नवरात्राच्या आधी, गडावर गर्दी सुरू व्हायच्या आत.