निरोध आणि परिरोध



इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस ‘रिस्ट्रेंट’ आणि ‘कन्फाइनमेंट’ या शब्दांचा अर्थ विचारला, तर दोहोंनाही ‘अटकाव’ हें एकच उत्तर बहुधा मिळतें. गप्पागोष्टींत तें खपून जाईल. न्यायालयांत खपत नाहीं. पहिल्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ मागें आवळून धरणें. दुसऱ्याच्या पोटांत ‘सीमा’ हा अर्थ आहे. आपल्या कायद्याच्या मराठींत यांस ‘निरोध’ व ‘परिरोध’ म्हणतात. ‘परि’ म्हणजे सभोंवार, परिघांतला, परिक्रमेंतला.

आम्हां कोल्हापूरकडील लोकांना या भेदाचें चित्र पन्हाळ्यावर सांपडतें. 1660 सालीं सिद्दी जौहरानें गडास चोहोंकडून वेढा घातला. शिवाजीमहाराजांस सगळ्याच वाटा बंद झाल्या. हा परिरोध. जुलैच्या पावसाळी रात्रीं महाराज निसटले, आणि घोडखिंडींत बाजीप्रभूंनीं पाठलागावरची फौज अडविली. त्या फौजेला मागें फिरण्यास रान मोकळें होतें. पुढची वाट तेवढी बंद होती. हा निरोध.

युद्धाची गोष्ट निराळी. घरांत व शिवारांत मात्र दोन्ही गोष्टी गुन्हा ठरतात. 1860 च्या दंडसंहितेंत त्यांस 339 व 340 हीं कलमें होतीं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेंत 126 व 127 हीं आहेत. शेजाऱ्याच्या हक्काच्या पाणंदींत कोणी कांटे टाकून त्याला अडविलें, तर तो गैरनिरोध. शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद. सुनेला खोलींत घालून बाहेरून कडी लावली, तर तो गैरपरिरोध. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. तीन दिवस किंवा अधिक कोंडल्यास तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा अधिक कोंडल्यास पांच वर्षांपर्यंत. आणि कडीच हवी असेंही नाहीं. दारें उघडीं ठेवून प्रत्येक दाराशीं बंदुकवाला उभा केला, व ‘बाहेर पडाल तर गोळी घालूं’ असें बजाविलें, तरी तो परिरोधच होय.

आमच्या कळंब्यास मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच्या भिंतीआड माणूस ठेवला जातो तो कायद्याच्या अधिकारानें. म्हणून तेथें परिरोध असला तरी त्यास ‘गैर’ हें विशेषण लागत नाहीं. घराच्या भिंतीआड सज्ञान माणसाला कोंडून ठेवण्याचा तसा अधिकार नवऱ्याला नाहीं, सासऱ्याला नाहीं, बापालाही नाहीं. ‘घरचीच गोष्ट आहे, घटकाभर कोंडली तर काय झालें?’ हें उत्तर कायदा ऐकत नाहीं.

म्हणून अशी तक्रार लिहून देण्याचा प्रसंग आला, तर ‘बाहेर जाऊं देत नाहींत’ एवढ्यावर थांबूं नये. कोणकोणत्या वाटा बंद होत्या, किती दिवस होत्या आणि किल्ली कोणाजवळ होती, हें स्पष्ट लिहावें. दोन शब्दांतलें अंतर तेथें केवळ व्याकरणाचें राहत नाहीं. कोंडलेल्या माणसाला मिळणारा न्याय त्यावर अवलंबून असतो.