मी खोटं बोलले नव्हते

जेवणं उरकून, ओटा पुसून रेडिओजवळ बसला असाल. आज एका पुस्तकाची गोष्ट सांगते. पुस्तक इंग्रजी आहे, मला ते वाचता येत नाही. माझी अकरावीतली लेक वाचत होती. संध्याकाळी आम्ही दोघी शेंगा फोडायला बसायचो, तेव्हा ती रोज थोडं थोडं सांगायची.

पुस्तकाचं नाव ‘वन ऑफ अस इज लाइंग’, म्हणजे आपल्यातलं कुणीतरी खोटं बोलतंय. कॅरन मॅकमॅनस या अमेरिकेतल्या लेखिकेचं, २०१७ सालचं. गोष्ट कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कूलची. दप्तरात मोबाईल सापडले म्हणून पाच मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून ठेवतात. पाचही जण म्हणतात, हे मोबाईल आमचे नाहीतच. त्यातला सायमन पेलाभर पाणी पितो आणि कोसळतो. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी, आणि पेल्यात शेंगदाण्याचं तेल!

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. आपल्या भाजीत कूट, आमटीत कूट. पण काहींना शेंगदाण्याचा कणही चालत नाही. घसा सुजतो, श्वास अडकतो, रक्तदाब एकदम उतरतो. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. ते सायमनच्या दप्तरात नसतं, शाळेच्या नर्सच्या खोलीतूनही गायब झालेलं असतं. सायमन मरतो आणि उरलेल्या चौघांवर संशय येतो.

का, तर सायमन मोबाईलवर शाळेतल्या मुलांच्या खाजगी गोष्टी सगळ्यांना वाचायला टाकायचा. या चौघांचंही तो टाकणार होता. आणि त्याची ख्याती अशी, की त्याने लिहिलेलं खरंच निघायचं.

इथे मी लेकीला थांबवलं. मला आपल्या गटाची एक बैठक आठवली. हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि गप्पा सुरू झाल्या. मी म्हटलं, अमकीची पोरगी एसटी स्टँडवर एका मुलाशी बोलत उभी होती. एवढंच. खोटं नव्हतंच ते, डोळ्यांनी पाहिलं होतं. आठ दिवसांत ते तिच्या वडिलांपर्यंत पोचलं, तेही चार पदरी होऊन. तिची शाळा बंद झाली. दहावीचं वर्ष होतं. मी मनाची समजूत घालत राहिले, मी कुठे खोटं बोलले?

पुस्तकात ॲडी नावाची मुलगी आहे. काय घालायचं, कसं राहायचं, सगळं तिचा मित्र ठरवणार. तिच्या हातून एक चूक होते आणि ती उघडी पडते. मित्र सोडून जातो, मैत्रिणी तोंड फिरवतात. पाठीशी उभी राहते ती थोरली बहीण. त्या एका आधारावर ॲडी लांब केस कापून टाकते आणि स्वतःच्या डोक्याने चालू लागते.

त्या पोरीला अशी बहीण मिळाली नाही. मिळाली ती मी, बातमी पुढे नेणारी.

गोष्ट ऐकली त्याच आठवड्यात मी तिच्या घरी गेले. तिच्या आईला म्हटलं, वहिनी, ते बोलणं माझ्यापासून सुरू झालं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आता सांगताय होय?” मला उत्तर सुचलं नाही. पण पोरीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे मी सांगितलं. फॉर्म भरायला सोबत येते म्हटलं. अजून होकार आलेला नाही. मी पुन्हा जाणार आहे.

बायांनो, कुणाच्या लेकीचं काही कानावर आलं, तर ‘खरं आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. हे सांगायचा हक्क माझा आहे का, तेही विचारा. काळजी वाटली तर त्या पोरीशीच बोला. आणि कुठलं मूल खरोखर अडचणीत असेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

सायमनला कुणी मारलं? ते नाही सांगत. लेकीने मलाही शेंगांचं पोतं संपेपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. तुमच्या पोरींना विचारा, त्या निमित्ताने त्या तुमच्याजवळ बसतील.

येते. नमस्कार.