अखेरची जागा

घर कोठें बांधावें, याचा विचार मनुष्य वर्षानुवर्षें करतो. देहाला अखेर कोठें विसावा मिळावा, हा विचार मात्र तो बहुधा मागें राहणाऱ्यांवर सोपवून जातो. आणि मागें राहणारे तो विचार घाईंत, रडत रडत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्यानें करतात.

कोल्हापूरचे छत्रपति राजाराममहाराज यांना तर असा विचार करण्याचें वयहि आलेलें नव्हतें. इंग्लंडचा प्रवास आटोपून परत येत असतां ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस वर्षांचें. त्या शहरांत प्रेत जाळण्याची वहिवाट नव्हती. कॅथॉलिक धर्मपीठानें तर अग्निसंस्काराला १९६३ सालापर्यंत मुभा दिली नव्हती. परक्या मुलखांत, मोजक्या माणसांसह आलेल्या त्या मंडळीला मुकाट्यानें दफन करून मोकळें होणें सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. खास परवानगी मिळाली आणि कॅशिने उद्यानाच्या टोकाशीं, आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. संगमच कां, हें पंचगंगेच्या काठीं वाढलेल्यांना सांगावयास नको! १८७४ सालीं तेथें महाराजांचा अर्धपुतळा व वर छत्री उभी राहिली. पुढें १९७८ सालीं जवळच मोठा पूल झाला, त्याचें नांव ‘पोन्ते आल् इंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाजवळचा पूल. पुलावरून जाणाऱ्या कितीजणांना कोल्हापूर ठाऊक असेल, तें असो.

आपली जागा स्वतः निवडणारेहि झाले. औरंगजेब १७०७ सालीं अहमदनगरजवळ वारला आणि त्याचा देह खुलताबादेस शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारांत पुरण्यांत आला. बाप ताजमहालाच्या घुमटाखालीं. मुलाच्या वांट्याला उघड्या आभाळाखालची माती, आणि तीहि स्वतःच्या इच्छेनें. कबर साधी असावी, हें इस्लामांतील अनेक शास्त्रवेत्त्यांचेंच मत आहे. पण मृताची इच्छा जिवंतांना किती दिवस पुरणार? विसाव्या शतकांत त्या मातीभोंवतीं संगमरवराची जाळी बसलीच.

हिंदु म्हणजे दहन, ही समजूतहि अर्धीच खरी आहे. लिंगायत समाजांत देह बैठ्या स्थितींत, हातीं इष्टलिंग देऊन पुरतात. संन्याशाला समाधि देतात. तान्ह्या मुलाला अग्नि देत नाहींत. आळंदीची समाधि तर मराठी मनाला घरच्यासारखी आहे. आणि दहन झालें तरी तें स्मशानांतच होतें असें नाहीं. १९२० सालीं लोकमान्यांना मुंबईंत अग्नि दिला तो गिरगांवच्या चौपाटीवर.

पण आज खरा पेंच पडला आहे तो पारशी समाजापुढें. अग्नि, माती आणि पाणी हीं तिन्ही पवित्र. प्रेतानें त्यांना विटाळावयाचें नाहीं. म्हणून देह उंच दखम्यावर उघडा ठेवावा, सूर्यानें आणि गिधाडांनीं आपलें काम करावें, अशी ही व्यवस्था. मुंबईंत मलबार टेकडीवरील डुंगरवाडींत ती सतराव्या शतकापासून चालत आली. तेथें श्रीमंत आणि गरीब यांच्यांत भेद नाहीं, हा तिचा गुण परधर्मीयांनींहि मान्य केलेला आहे. गुरांना देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक नांवाचें वेदनाशामक औषध या व्यवस्थेच्या मुळावर आलें. तें औषध दिलेल्या जनावराचें मांस खाल्लें कीं गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. १९९० नंतर थोड्याच वर्षांत हिंदुस्थानांतील कांहीं जातींचीं गिधाडें शेंकडा ९५ हून अधिक नाहींशीं झालीं. कारण २००४ सालीं उघडकीस आलें, २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. पण मेलेले पक्षी परत येत नसतात. डुंगरवाडींत ऊन एकवटणारे आरसे बसविले गेले. पावसाळ्यांत आरसे काय करणार, हा प्रश्न कोणासहि सुचण्यासारखा आहे.

कोरोनाच्या साथींत दखम्याचा विधीच बंद पडला आणि गाऱ्हाणें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. २०२२ सालीं तोडगा मान्य झाला, तो असा: साथीनें गेलेल्यांचे देह दखम्यावर ठेवावे, ऊन लागूं द्यावें, पण पक्षी शिवूं नयेत म्हणून वर जाळी असावी. गिधाडें अगोदरच गेलेलीं होतीं.

त्यापूर्वींच, २०१५ सालीं, वरळीच्या स्मशानांत दहन पसंत करणाऱ्या पारशांसाठीं प्रार्थनागृह उघडलें गेलें. परंपरानिष्ठ मंडळींना तें अद्याप मान्य नाहीं. म्हणून मरणाऱ्यानें वरळी सांगितली आणि वडील भावाचा हट्ट डुंगरवाडीचा, तर घरांत काय व्हावें, हें बोलून ठेवण्याची वेळ आतां प्रेत दारांत येण्यापूर्वींची आहे. बोलणें कठीण, हें खरें. पण मुलांना जन्मभर टोंचणी लागून राहण्यापेक्षां तें सोपें आहे.