मुस्तफा, बाबा आणि अठरा वायरी

(मंडळाच्या छंदांवरच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



छंदावर बोला म्हणून सांगितलं, तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. आपल्यात कुणी छान गातं, कुणी कॉर्निशवर दहा किलोमीटर पळतं. मी मात्र शुक्रवारी घरात बसून प्लायवूडला भोकं पाडतो. यात सांगण्यासारखं काय? पण सांगायचंच तर साताऱ्यापासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या लहानपणी स्टँडमागे एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. रुपयाला एक डाव. इथं बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना "मुस्तफा" नक्की आठवत असेल. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या त्या गेमचं खरं नाव "कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स". पण त्यातल्या मुस्तफा नावाच्या गड्यामुळे आपल्याकडे अख्खा गेमच मुस्तफा झाला. दळणातून उरलेल्या सुट्ट्या पैशांवर मी तिथे खेळायचो. एकदा बाबांनी पकडलं आणि कान धरून घरापर्यंत आणलं. बाबा वीज मंडळात वायरमन होते. त्यांचा हात कसा असेल, ते तुम्हीच ओळखा!

पुढे मी कॉम्प्युटर इंजिनिअर झालो आणि नोकरीसाठी दोह्यात आलो. गेल्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांसाठी आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास, आम्ही दोघं ऑफिसला, नातू टॅबवर. बाबा दिवसभर खिडकीशी. आठवड्याभरात मला म्हणाले, "अरे, तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."

त्याच दिवसांत चिरंजीवांना मी मुस्तफाची गोष्ट सांगितली होती. जुन्या यंत्रांची नक्कल करणारा "मेम" नावाचा प्रोग्राम १९९७ पासून आहे, त्यामुळे पडद्याची सोय होती. पण मुस्तफा काही कीबोर्डवर खेळायचा नाही! दांडा हवा, धपाधप दाबायला बटणं हवीत. मग बटणं मागवली आणि पॅनेल बनवायला घेतलं.

आता थोडं तांत्रिक, पण झोपू नका. त्या दांड्याखाली चार छोटे स्विच असतात, प्रत्येक बटणाखाली एक. स्विचला फक्त चालू आणि बंद एवढंच माहीत. ते कॉम्प्युटरला समजेल अशा भाषेत सांगणारा जो दुभाषी मध्ये बसतो, त्याला एन्कोडर म्हणतात. तो तयार मिळतो. पण डिग्री घेतलेला माणूस विकत कशाला आणेल? मी एक जुना कीबोर्ड फोडला आणि त्याच्या आतल्या सर्किटला बटणं जोडली.

दोघं खेळायला लागलो आणि भुताटकी सुरू झाली. तीन बटणं एकदम दाबली की न दाबलेलं चौथंच चालायचं. मी दोन रात्री सेटिंग्ज आणि प्रोग्राम तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी बाबा मागे येऊन उभे राहिले. "वायरिंग कसं आहे, ते कागदावर काढून दाखव."

मी काढलं. कीबोर्डला शंभरेक कळा, पण प्रत्येकीला वेगळी वायर नसते. आडव्या आणि उभ्या ओळींची जाळी असते. ८ आडव्या आणि १६ उभ्या, म्हणजे २४ वायरींत १२८ कळा बसतात. बाबांनी चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर बोट ठेवलं. "हे तीन चालू असले तर करंट इकडून फिरून उलटा येणार. चौथा आपोआप चालू दिसणार. आमच्याकडे याला रिटर्न म्हणायचे. लाइन बंद आहे म्हणून माणूस खांबावर चढतो आणि कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा येतो. माणसं गेली आहेत यात."

मंडळी, चार वर्षं इंजिनिअरिंग केलेला मी गप्प बसलो.

जाळीत प्रत्येक कळेला डायोड लावला की करंट एकाच दिशेने जातो. पण बाबांचा सल्ला सरळ होता : "प्रत्येकाला आपली वायर दे आणि अर्थिंग एकच ठेव." नंतर वाचलं, तर जुन्या यंत्रांतही तेच होतं! जपानमध्ये १९८५ साली ठरलेल्या "जामा" जोडणीत ५६ टोकं असतात आणि दांड्याच्या प्रत्येक दिशेला, प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर.

मग आणला "प्रो मायक्रो". अंगठ्याएवढा बोर्ड, यूएसबीला लावला की कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो. बटणं जोडायला त्याला १८ टोकं. दोन खेळाडू, प्रत्येकी चार दिशा आणि तीन बटणं, झाले १४. दोन स्टार्ट, दोन नाण्यांची. बरोब्बर १८! स्ट्रीट फायटरला सहा सहा बटणं लागतात, ते यात बसत नाही. मुस्तफाला दोन पुरतात.

बाबांनी सोल्डर मारला, मी प्रोग्राम लिहिला. बाबांचा बॅगेतला टेस्टर पाच व्होल्टला काही पेटेना, म्हणून त्यांना मल्टिमीटर घेऊन दिला. शेवटची अडचण : एकदा दाबलं तरी दोनदा उडी! स्विच दाबल्यावर त्याची पत्ती काही मिलिसेकंद थरथरते आणि बोर्ड तेवढ्यात दोनदा मोजतो. हे मात्र मी प्रोग्राममध्ये सोडवलं : पहिल्या इशाऱ्यानंतर ५ मिलिसेकंद थांबायचं. बाबा म्हणाले, "हां, हे आमच्यात नव्हतं." तेवढ्यानं मला डिग्री परत मिळाल्यासारखं वाटलं.

पहिला डाव आजोबा-नातवाचा झाला. बाबा दीड मिनिटात मेले. म्हणाले, "आणखी एक नाणं टाक." मग माझ्याकडे न बघता हळूच, "यासाठी तेव्हा एवढं मारायला नको होतं."

तिकिटाचं पुन्हा कुणी काढलं नाही. पूर्ण तीन महिने राहिले. आता साताऱ्याहून फोन येतो, तेव्हा तब्येतीच्या आधी विचारतात, "अर्थिंग ढिलं नाही ना झालं?"

पॅनेल बरोबर आणलंय, मागे चहाच्या टेबलाशेजारी आहे. मुलांनी खेळून बघा. पालकांनो, तुमच्या घरी सध्या आई-वडील आले असतील, तर त्यांनाही पुढे बोलवा. पॅनेल उलटं करून आतल्या वायरी जरूर दाखवा. नाणं लागत नाही.